टाउरीत स्वेल्टकिटची रिमोट फंक्शन्स: सात महिन्यांनंतर साडेतीन तारे

टाउरी म्हणजे वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन, स्वेल्टकिट म्हणजे वेब ॲपची चौकट, आणि रिमोट फंक्शन्स म्हणजे पानातून थेट बोलावता येणारी, पण सर्व्हरवर चालणारी फंक्शन्स. दीड तारा कापलाय तो फक्त एका आकड्यासाठी: २००, म्हणजे 'सगळं ठीक' सांगणारा स्टेटस.

वापर साधा आहे. सांगली मार्केट यार्डातलं अडत दुकान, हळदीचे सौदे, शेतकऱ्याची पट्टी. पीसी ४ जीबी रॅमचे, म्हणून अख्खं क्रोमियम ब्राउझर पोटात घेऊन येणारं, टाउरीसारखंच साधन इलेक्ट्रॉन बाद. टाउरी विंडोजचाच वेबव्ह्यू२ हा ब्राउझर घटक वापरतं, इन्स्टॉलर काही एमबीत उरकतो.

डेव्ह मोडमध्ये, म्हणजे ॲप बनवताना, सगळं गोड चालतं, कारण खिडकी ५१७३ पोर्टवरचा व्हीट (Vite) हा डेव्ह सर्व्हर उघडते आणि क्वेरी (माहिती वाचणारी), कमांड (बदल करणारी) ही रिमोट फंक्शन्स तिथे खरोखर सर्व्हरवर चालतात. स्टॅटिक अडॅप्टरने केलेला, म्हणजे फक्त तयार फाईल्सचा, बिल्डही बिनतक्रार होतो. पण दुकानात बसवायच्या एक्झी फाईलच्या आत सर्व्हर नसतोच. कॉल जातो 'टाउरी डॉट लोकलहोस्ट'वर, त्या पत्त्यावर फाईल नसते, आणि टाउरी शांतपणे इंडेक्स एचटीएमएल, म्हणजे ॲपचं मुख्य पान, हातात देतं. स्टेटस २००! कोड जेसन वाचायला जातो आणि कन्सोलवर येतं 'अनपेक्षित टोकन <'. एकपानी ॲपच्या राउटिंगसाठी ही सोय आहे, मान्य. पण सरळ ४०४ ('सापडलं नाही') आला असता तर दोष पाच मिनिटांत सापडतो. इथे माणूस तासन्‌तास डेटाबेस आणि सीरियलायझेशन उसवत बसतो. हा एरर दिसला की आधी रिस्पॉन्सचा कंटेंट-टाइप बघा. टेक्स्ट-एचटीएमएल असेल तर कॉल सर्व्हरपर्यंत गेलेलाच नाही.

या रिव्ह्यूत आधी साइडकारची, म्हणजे ॲपसोबतच सर्व्हर बांधून देण्याची, शिफारस केली होती, ती मागे घेतो. नोड (जावास्क्रिप्टचा सर्व्हर चालवणारा प्रोग्राम) सोबत बांधलं की सत्तर-ऐंशी एमबी वाढतात, म्हणजे टाउरी घेऊन वाचवलेलं सगळं गेलं. शिवाय ॲप बंद झालं तरी नोड मागे जिवंत राहू शकतं. मग पुढच्या वेळी पोर्ट अडलेलं.

आता टिकलेली रचना: एकाच कोडचे दोन बिल्ड. कॉन्फिगमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघून अडॅप्टर ठरतो, दुकानासाठी स्टॅटिक, सर्व्हरसाठी नोड. क्लायंट हुक्समध्ये (ॲप सुरू होताना चालणारा कोड) विंडोचं फेच, म्हणजे नेटवर्क कॉल करणारं फंक्शन, गुंडाळायचं: पाथ '/_app/remote'ने सुरू झाला तर पुढे सर्व्हरचा पत्ता जोडायचा, बाकी कॉल जसेच्या तसे.

नुसता पत्ता बदलून भागत नाही. क्वेरी गेट (GET) रिक्वेस्ट असते. सीओआरएस हेडर (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला परवानगी देणारे) लावले की ती चालते, आणि काम झालं असं वाटतं. कमांड पोस्ट (POST) रिक्वेस्ट असते, तिथे ओरिजिन (कॉल कुठल्या पत्त्यावरून आला ते) सर्व्हरच्या पत्त्याशी जुळला नाही की स्वेल्टकिट ४०३ ('परवानगी नाही') देतं. ट्रस्टेड ओरिजिन्सची सेटिंग सामान्य फॉर्मसाठी आहे, या तपासणीला ती लागू होत नाही. ब्राउझरच्या फेचला ओरिजिन बदलता येत नाही, म्हणून टाउरीचा एचटीटीपी प्लगइन घ्या. कार्गो फाईलमध्ये (टाउरीच्या रस्ट भाषेतल्या भागाची पॅकेज यादी) त्याचं 'अनसेफ-हेडर्स' फीचर चालू करा, नाहीतर तुम्ही दिलेला ओरिजिन मुकाट गाळला जातो. कॅपॅबिलिटीत (टाउरीची परवानग्यांची फाईल) फक्त आपल्या सर्व्हरचा पत्ता ठेवा. लॉगिनला कुकीऐवजी टोकन बरं. प्लगइनच्या कुकी रस्टच्या बाजूला राहतात, वेबव्ह्यूला दिसत नाहीत. अर्धा तारा वाढला तो या प्लगइनमुळे.

एक खोच मात्र उरते. कॉलच्या पत्त्यातला हॅश, म्हणजे छोटा ओळख-कोड, रिमोट फाईलच्या पाथवरून बनतो. सर्व्हरवर फाईल हलवली किंवा नाव बदललं की दुकानातलं जुनं एक्झी ४०४ खातं. म्हणून रिमोट फाईल्स एकाच फोल्डरमध्ये ठेवल्यात, आणि नाव कितीही भिकार वाटलं तरी सगळ्या दुकानांत नवं एक्झी बसेपर्यंत बदलायचं नाही.