पहिल्या दिवशीची दोन पाने आणि वर्षभराचा इंग्रजी वर्ग

माझी मुलगी नववीच्या संपूर्ण वर्षात एका ऑनलाइन इंग्रजी वर्गाला जात होती. आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास, तुकडीत अठरा मुले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शिक्षिका, असे त्याचे स्वरूप होते. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण माझा अनुभव एकाच तुकडीचा आहे आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत. मात्र माध्यमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग निवडताना नेमके काय तपासावे, या प्रश्नाने मला वर्षभर विचार करायला लावले आणि त्याची सुरुवात पहिल्या तासाच्या आधीच हाती आलेल्या दोन पानांपासून झाली. त्यांचे शीर्षक होते ‘अपेक्षा आणि अध्ययन उद्दिष्टे’. हे परीक्षण मी त्या पानांना धरूनच लिहीत आहे, कारण वर्गाने आपण होऊन दिलेला शब्द त्यांतच होता.

अशी पत्रके मी यापूर्वीही पाहिली होती. साहित्याची गोडी लागेल, भाषेवर प्रभुत्व येईल, आत्मविश्वास वाढेल, अशी वाक्ये त्यांत असतात आणि त्यांतले काहीच तपासता येत नाही. वर्ष संपल्यावर गोडी लागली की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार? अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच उद्दिष्ट लिहिण्याची एक साधी कसोटी सांगितली होती: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगले केले म्हणजे पुरेसे मानायचे, या तीन गोष्टी उद्दिष्टात दिसल्या पाहिजेत. ‘समजणे’, ‘जाणणे’, ‘आस्वाद घेणे’ ही क्रियापदे कितीही चांगली असली, तरी ती क्रिया घडताना बाहेरून दिसत नाही.

या वर्गाच्या पानावरचे वाचनाचे उद्दिष्ट असे होते: सुमारे सहाशे शब्दांचा अपरिचित उतारा शब्दकोश न वापरता वाचून लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात लिहिता येईल आणि त्या दाव्याला आधार देणाऱ्या किमान दोन जागा उताऱ्यातून दाखवता येतील. मेगर यांच्या तिन्ही अटी यात पूर्ण होतात. मुख्य म्हणजे ते मला घरी बसून तपासता आले. महिन्यातून एकदा मी एखादा लेख मुलीसमोर ठेवत असे. पहिल्या महिन्यात ती लेखाचा विषय सांगायची, दावा नाही. ‘हा लेख झोपेबद्दल आहे’ आणि ‘किशोरवयीन मुलांच्या शाळा उशिरा सुरू व्हाव्यात असे लेखकाचे म्हणणे आहे’ या दोन उत्तरांतले अंतर कापायला तिला जवळजवळ चार महिने लागले. ते अंतर तिने कापले, याचे श्रेय मी निःसंकोचपणे वर्गाला देते.

लेखनाच्या बाबतीत तर या वर्गाने आपला शब्द सर्वांत चोख पाळला. प्रत्येक निबंधाचे दोन मसुदे द्यायचे, पहिल्यावर फक्त शेरे येतील आणि गुण दुसऱ्यावरच मिळतील, असे अपेक्षांच्या भागात लिहिले होते. सुरुवातीला बऱ्याच पालकांना हे रुचले नाही; गुण हातात पडल्याशिवाय मूल कुठे आहे ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मला मात्र ही पद्धत पटलेली होती. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ शेरे मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले होते आणि शेऱ्यांबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा नाहीसा झाला होता. घरातला अनुभवही वेगळा नाही. कागदावर आकडा असला की मुलीची नजर आधी तिथे जाते आणि बाकीचे वाचायचे राहून जाते.

एक प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. एका कथेतील आजोबा संपूर्ण कथेत फक्त दोनदा बोलतात. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ काय, यावर एक परिच्छेद लिहायचा होता. मुलीने अकरा ओळी लिहिल्या आणि त्यांतल्या नऊ ओळींत कथाच पुन्हा सांगितली. शिक्षिकेने समासात एक उभी रेघ ओढली आणि तिच्याशेजारी लिहिले, ‘एवढे मी वाचले आहे. तुला काय दिसले ते सांग.’ त्याखाली दुसरा शेरा होता: ‘आजोबा गप्प आहेत, हे पुरावा म्हणून दाखवायचे तर कोणत्या ओळीकडे बोट दाखवशील?’ मुलगी आधी हिरमुसली. मग तिने कथा पुन्हा उघडली आणि नातू दार लावून निघून जातो तेव्हा आजोबा हातातला चष्मा पुसत राहतात, ती ओळ तिने शोधून काढली. दुसऱ्या मसुद्यात त्या एका ओळीवर तिने पाच वाक्ये लिहिली आणि कथानक अर्ध्या वाक्यात उरकले. ‘आपले म्हणणे मांडून त्यास पाठ्यातील पुराव्याचा आधार देता येईल’ हे पानावरचे उद्दिष्ट कोरडे वाटते खरे, पण ते साध्य होताना असे दिसते.

व्याकरणाविषयीही वर्गाची भूमिका मला योग्य वाटली. रिकाम्या जागा भरण्याचे वेगळे तास नव्हते. विद्यार्थ्याने स्वतःच्या लेखनातल्या कर्ता-क्रियापदाच्या आणि काळाच्या चुका दुसऱ्या मसुद्याच्या आधी स्वतः शोधाव्यात, असे उद्दिष्ट होते. शब्दसंपत्तीचा भाग मात्र सामान्य होता. दर आठवड्याला दहा शब्दांची यादी यायची, मुले ती पाठ करायची आणि विसरायची.

उद्दिष्टांच्या क्रमाबद्दलही लिहायला हवे. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेले विचारप्रक्रियांचे सहा स्तर आणि २००१ मध्ये झालेली त्यांची फेरमांडणी शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. फेरमांडणीत स्तरांच्या नावांत नामांच्या जागी क्रियापदे आली आणि ‘निर्मिती’ सर्वांत वरच्या स्तरावर गेली. अनेक ठिकाणी या स्तरांना जिन्याच्या पायऱ्या मानले जाते आणि संपूर्ण सहामाही आठवणे व सांगणे यांतच निघून जाते. या वर्गात दुसऱ्याच आठवड्यात मुलांना दोन परस्परविरोधी मतांचे लेख देऊन कोणाचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे ते ठरवायला सांगितले. उत्तरे कच्ची होती, पण आपल्याला मत मांडायचे आहे हे मुलांना पहिल्याच महिन्यात उमगले.

दुसऱ्याचे लेखन आणि यंत्राची मदत यांबाबतचा नियम मला विशेष आवडला. यंत्राकडून शुद्धलेखन तपासून घ्यायला परवानगी होती, पण मुद्दे आणि वाक्ये विद्यार्थ्याचीच हवीत, सर्व मसुदे जपून ठेवायचे आणि शंका आल्यास शिक्षिका त्या निबंधावर पाच मिनिटे प्रत्यक्ष बोलतील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. धाकाचा एकही शब्द नव्हता. स्वतः लिहिलेल्या मुलाला त्या पाच मिनिटांची भीती वाटायचे कारण नाही आणि न लिहिलेल्या मुलाला ती निभावता येत नाहीत.

आता तक्रारी. पानावर श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन या चारही कौशल्यांना समान महत्त्व दिले होते. प्रत्यक्षात पहिल्या दोन सत्रांत मुलीला सर्वांसमोर फक्त दोनदा बोलायला मिळाले, तेही प्रत्येकी तीन मिनिटे. याचे कारण साध्या गणितात आहे: अठरा मुले तीन-तीन मिनिटे बोलली तर चोपन्न मिनिटे जातात, म्हणजे एक संपूर्ण तास, आणि त्यावर काही सांगायला शिक्षिकेला वेळच उरत नाही. चर्चेच्या तासांना तीच पाच-सहा मुले बोलत राहिली आणि बाकीची ऐकत राहिली. लेखनासाठी चार रकान्यांचा निकषांचा तक्ता होता, पण बोलण्यासाठी तसा तक्ताच नव्हता. ‘आत्मविश्वासाने आणि स्पष्ट बोलता येईल’ एवढेच वाक्य होते. ज्या उद्दिष्टाला निकष नव्हता, तेच उद्दिष्ट मागे पडले आणि यात मला योगायोग दिसत नाही. मी लेखी कळवले, उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण तिसऱ्या सत्रात सहा-सहा मुलांचे गट करून संभाषणाचे तास सुरू झाले, हेही नमूद करायला हवे.

दुसरी तक्रार विलंबाची आहे. शेरे सात दिवसांत मिळतील असे लिहिले होते. दुसऱ्या सत्रात एका निबंधाचे शेरे एकोणीस दिवसांनी आले, तोवर वर्ग पुढच्या विषयावर पोहोचला होता आणि मुलीला आपण काय लिहिले होते तेही नीट आठवत नव्हते. मुलांनी एक दिवस उशीर केला तर गुण कापले जातील, असा नियम त्याच पानावर होता. अपेक्षापत्रक दोन्ही बाजूंना बांधील असते, ही जाणीव वर्गचालकांनी ठेवायला हवी होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. वर्षअखेरीस विद्यार्थी बी१ वरून बी२ या स्तरावर पोहोचेल, असा दावा पानाच्या तळाशी होता. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भाषा किती येते ते मोजण्याच्या चौकटीतील ए१ ते सी२ या सहा स्तरांपैकी हे मधले दोन. केंब्रिजच्या परीक्षामंडळाच्या अंदाजानुसार बी१ गाठायला सुरुवातीपासून मार्गदर्शनाखालील ३५० ते ४०० तास आणि बी२ गाठायला ५०० ते ६०० तास लागतात, म्हणजे या एका टप्प्यासाठी साधारण दोनशे तास धरावे लागतात. आमच्या वर्गाचे छत्तीस आठवडे आणि आठवड्याचे तीन तास मिळून १०८ तास होतात. मूल शाळेतही इंग्रजी शिकते, स्वतः वाचते, हे सगळे मान्य. पण तसे पानावर लिहायला हवे होते. सहाशे शब्दांच्या उताऱ्याचे उद्दिष्ट इतक्या काळजीने लिहिणाऱ्या हातांनी हे वाक्य लिहावे, याचे मला वाईट वाटले. मुलीने वर्षाच्या शेवटी दिलेल्या सराव चाचणीत ती वाचनात बी२ वर होती आणि संभाषणात बी१ वरच होती. वर्गाचे वर्षभराचे काम पाहता हा निकाल अगदी अपेक्षित होता.

जी मुले वाचतात पण लिहायला बिचकतात, त्यांच्यासाठी मी हा वर्ग मनापासून सुचवेन. ज्यांना प्रामुख्याने बोलण्याचा सराव हवा आहे, त्यांनी तुकडी दहाच्या आत आहे का, ते आधी विचारावे. दहावीसाठी आम्ही मुलीचे नाव इथेच नोंदवले आहे. नवे पान गेल्या आठवड्यात आले, तेव्हा मी सर्वप्रथम संभाषणाच्या उद्दिष्टासमोरचा रकाना पाहिला. या वेळी तिथे चार निकष आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एका सत्रात किमान सहा वेळा बोलायची संधी मिळेल, असेही लिहिले आहे. स्तरांविषयीचा दावा मात्र पानाच्या तळाशी अजून तसाच आहे आणि त्याबद्दल मी पुन्हा लेखी कळवले आहे.