फोटोंचा साठा कुठे हलवावा? लाइटरूम, डिजीकॅम, गुगल फोटोज आणि इमिच

संगणकावरचे फोटो लावून ठेवायचं पिकासा हे सॉफ्टवेअर गुगलने २०१६ मध्ये बंद केलं. तरी गिरगाव-लालबागच्या मंडळांच्या कार्यालयांत आणि कितीतरी घरांत जुन्या विंडोजवर ते अजून उघडलं जातं, कारण त्यात नुसते फोटो नाहीत. उत्सवाचे स्कॅन केलेले जुने फोटो आहेत आणि कोण कोणाशेजारी उभं आहे हे सांगणारी नावं आहेत. ज्यांनी ती नावं ओळखून सांगितली त्यांतली बरीच माणसं आता नाहीत. चाळी पुनर्विकासाला गेल्या, बिऱ्हाडं विरार-बदलापूरपर्यंत पांगली. ही माहिती पुन्हा गोळा करता येणार नाही. म्हणून नवं सॉफ्टवेअर निवडताना ते दिसतं कसं, पळतं किती हे मी नंतर बघते. आपण टाइप केलेली माहिती ते फोटोच्या फाइलीत लिहितं की फक्त स्वतःच्या डेटाबेसमध्ये, हे आधी बघते. फाइलीत असेल तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर ती वाचू शकतं. डेटाबेसमध्येच अडकली असेल तर पुढच्या वेळी हीच यातायात नव्याने करावी लागते.

लाइटरूम क्लासिक

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलींत) फोटो काढणाऱ्यांसाठी हे अजूनही सगळ्यांत सोयीचं आहे, असं माझं मत. एकदाच पैसे भरून घेता येणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची, सहावी. आता फक्त वर्गणी. वर्गणी थांबवली तर काय, ही भीती बऱ्याच जणांना असते. कॅटलॉग (लाइटरूमचा डेटाबेस) उघडतो, फोटो बघता येतात, एक्सपोर्टही होतात. डेव्हलपचा, म्हणजे रंग-उजेड बदलायचा विभाग मात्र बंद होतो.

मेख दुसरीकडे आहे. मथळे, कीवर्ड, तारे हे सगळं आधी कॅटलॉगमध्ये जातं. ते आपोआप एक्सएमपीत (फोटोच्या फाइलीत किंवा तिच्या शेजारच्या छोट्या फाइलीत माहिती लिहायच्या पद्धतीत) लिहिण्याचा पर्याय कॅटलॉग सेटिंग्जमध्ये असतो, पण मुळात तो बंद असतो. चालू केला तरी कलेक्शन्स (लाइटरूममध्ये केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (फाइल न वाढवता केलेल्या प्रती) त्यात येत नाहीत. शिवाय रंग-उजेडाचे जे बदल केलेत, त्यांचे आकडे एक्सएमपीत असले तरी दुसरं सॉफ्टवेअर त्यावरून हुबेहूब तसाच फोटो उभा करू शकत नाही. लाइटरूम सोडताना निवडक फोटोंच्या तयार टिफ किंवा जेपेग प्रती काढून घ्याव्याच लागतात.

डिजीकॅम

मोफत आणि मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. पिकासातून निघणाऱ्यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवते. यातला अल्बम म्हणजे डिस्कवरचं फोल्डरच. त्यामुळे '१९८७ गणेशोत्सव' नावाचं फोल्डर जिथे होतं तिथेच राहतं, आणि उद्या डिजीकॅम काढून टाकलं तरी मांडणी हलत नाही. कीवर्ड, मथळे, तारे, चेहऱ्यांची नावं फाइलीत लिहायची सोय आहे. सेटिंग्जच्या मेटाडेटा (फोटोसोबतची माहिती) विभागात या सगळ्यांवर खूण आहे ना, हे काम सुरू करण्याआधी बघा.

पिकासातली नावं इथे येतात, पण त्यासाठी पिकासातच आधी एक काम करायला हवं. टूल्समधल्या एक्स्परिमेंटल यादीत चेहरे एक्सएमपीत लिहिण्याची आज्ञा आहे. ती चालवली की नावं चेहऱ्याच्या चौकटीसकट जेपेगमध्ये उतरतात आणि डिजीकॅम ती वाचतं. पिकासाचे अल्बम मात्र असे येत नाहीत. एकेक अल्बम उघडून सगळे फोटो निवडायचे आणि अल्बमचं नाव टॅग म्हणून द्यायचं. टॅग फाइलीत जातो. पिकासाने मूळ फोटो ज्या लपलेल्या फोल्डरांत ठेवलेले असतात, तीही कॉपी करताना सुटू देऊ नका.

आता खास आपली, मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण. आयपीटीसी नावाच्या जुन्या पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत तेवढ्यात ६४ अक्षरं बसतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. 'लालबागचा राजा विसर्जन मिरवणूक' हा कीवर्ड ८१ बाइटचा होतो. मर्यादा काटेकोर पाळणारं साधन तो कापतं आणि 'लालबागचा राजा विसर्जन म' एवढंच उरतं. एक्सएमपीत अशी मर्यादा नाही. म्हणून शक्य असेल तिथे एक्सएमपी आधी वाचायला सांगा, आणि लांबलचक कीवर्डऐवजी 'लालबागचा राजा', 'विसर्जन', 'मिरवणूक' असे सुटे द्या. शोधायलाही ते बरे पडतात. आयपीटीसीत अक्षरसंचाची नोंद करायची राहून गेली असेल तर मराठी मथळ्याच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. ती दिसली तर तिथेच थांबा. त्यावर सेव्ह केलं तर बिघाड फाइलीत कायमचा बसतो.

लाइटरूममधून डिजीकॅमला येणाऱ्यांसाठी आणखी एक. रॉ फाइलीसोबतच्या एक्सएमपी फाइलीचं नाव लाइटरूम मूळ फाइलीचं एक्स्टेन्शन वगळून देतं, डिजीकॅम ते धरून देतं. नावं जुळली नाहीत तर माहिती शेजारी पडून असूनही वाचली जात नाही. व्यावसायिक सॉफ्टवेअरशी सुसंगत नावं ठेवण्याचा पर्याय डिजीकॅममध्ये आहे, तो चालू करा.

उणिवाही आहेतच. पर्यायांची गर्दी इतकी की ज्येष्ठ सभासद पहिल्या दिवशी बुजतात. मोठ्या साठ्याची पहिली छाननी रेंगाळते. फोनवर फोटो बघायची सोय नाही. डेटाबेस नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नये, संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवावा.

गुगल फोटोज

शोध उत्तम, फोनवर सहज, आणि आजीलाही वापरता येतं. अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी मोफत, त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात. मंडळाच्या मूळ स्कॅनसाठी मला हे मान्य नाही.

बाहेर पडताना गाडी अडते. पूर्वी त्रयस्थ साधनं एपीआयमार्फत (गुगलने इतर सॉफ्टवेअरना दिलेल्या जोडणीतून) सगळा साठा खाली उतरवायची. ३१ मार्च २०२५ नंतर अशा साधनांना त्यांनी स्वतः चढवलेलेच फोटो मिळतात. त्यामुळे टेकआउट, म्हणजे आपला साठा उतरवून घ्यायची गुगलचीच सोय, हाच सरळ रस्ता. त्यात फोटोसोबत जेसन फाइली, म्हणजे माहितीच्या वेगळ्या मजकूर-फाइली येतात. तुम्ही गुगलमध्ये बदललेली तारीख आणि लिहिलेलं वर्णन फोटोत नसतं, त्या जेसनमध्ये असतं. माणसांची नावंही तिथे येतात, पण कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते येत नाही. पंधरा जणांच्या गटफोटोत याचा फारसा उपयोग नाही.

जेसनमधली वेळ यूटीसी असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. २०१९ ची अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरला होती. मिरवणुकीत १३ तारखेच्या पहाटे ३ वाजता काढलेला फोटो, वेळ नीट न बदलणाऱ्या साधनामुळे, १२ तारखेच्या रात्री साडेनऊचा होतो. आधीच्या संध्याकाळचे आणि पहाटेचे फोटो एकमेकांत मिसळतात, मिरवणुकीचा क्रमच मोडतो. व्हिडिओंचंही तेच. त्यांच्यात बहुधा यूटीसी वेळ असते, फोटोंत स्थानिक. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत तर कॅमेऱ्याची माहितीच उरत नाही. फाइलीच्या नावातली तारीख एवढाच आधार, आणि ती फोटो काढल्याची असेलच असं नाही. असे फोटो वेगळ्या फोल्डरात काढा आणि ज्यांनी पाठवले त्यांना आज, त्यांच्या आठवणीत आहे तोवर विचारा.

इमिच

गुगल फोटोजसारखा अनुभव, पण स्वतःच्या घरातल्या संगणकावर. मुक्त स्रोत आहे, फोनचं अ‍ॅप चांगलं आहे, मूळ फाइलींना ते हात लावत नाही. मात्र एक संगणक सतत चालू ठेवावा लागतो आणि डॉकर (इमिच ज्यावर चालवतात ते सॉफ्टवेअर) सांभाळणारं कुणीतरी हवं. तो मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तर पुढे कोण, याचं उत्तर नसेल तर एकट्या इमिचवर विसंबू नका. चेहऱ्यांना इथे दिलेली नावं डेटाबेसमध्येच राहतात. म्हणून मला ते बघण्यासाठी आवडतं, नोंदी करण्यासाठी नाही.

अ‍ॅपल फोटोज ज्यांचं सगळं मॅक आणि आयफोनवर आहे त्यांनीच घ्यावं. मंडळात कुणाकडे काय असेल ते सांगता येत नाही, तिथे ते जमत नाही.

मग निवडावं काय

रॉ फोटोंवर रोज काम असेल तर लाइटरूमच, एक्सएमपीचा पर्याय चालू करून. घरचे फोनवरचे फोटो असतील आणि कुणाला तांत्रिक कटकट नको असेल तर गुगल फोटोज ठेवा, पण वर्षातून एकदा टेकआउट करून डिस्कवर उतरवा. मंडळ, चाळ, शाळा, कुटुंबाचा जुना संग्रह, म्हणजे जिथे माणसांची नावं मोलाची आहेत, तिथे नोंदी डिजीकॅममध्ये कराव्यात. सांभाळणारं कुणी असेल तर त्याच फोल्डरवर इमिच बाह्य लायब्ररी म्हणून जोडावं, म्हणजे पांगलेल्या बिऱ्हाडांना फोनवर बघता येईल.

काहीही निवडलं तरी सगळा साठा एकदम हलवू नका. आधी एक छोटं फोल्डर बनवा. त्यात लांब मराठी कीवर्डचा फोटो, नावं दिलेला गटफोटो, एक स्कॅन, एक रॉ, मध्यरात्रीनंतरचा एक फोटो, त्याच रात्रीचा एक व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फोटो असू द्या. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, एकेक उघडून जुन्याशी ताडून बघा. मग तिथे एक नवं नाव लिहा आणि तीच फाइल तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे ते नाव दिसलं तरच पुढे जा.

हलवण्याआधी दोन प्रती हव्यात. लॅमिंग्टन रोडवरून दोन बाह्य डिस्क आणा आणि दुसरी डिस्क मुंबईबाहेर ठेवा, पुण्याला बहिणीकडे किंवा गावी, तेही तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि खालच्या खोल्यांतल्या कपाटांतले अल्बम पाण्यात गेले. जुनं पिकासा असलेला संगणकही लगेच भंगारात देऊ नका. येत्या गणपतीत लोक फोटो बघतील, कुठलं नाव गेलंय हे त्यांच्या लक्षात येईल, तेव्हा ते शोधायला तो लागेल.