ईडब्ल्यूजीची फार्म सबसिडी साइट: काउंटीत सरकारी पैसा कोणाला जातो ते बघायचं असेल तर

अमेरिकेत आयोवात राहायला येऊन बरीच वर्षं झाली, आजूबाजूला मका आणि सोयाबीन सोडून दुसरं काही दिसत नाही, आणि माहेरी शेती असल्यामुळे इथलं सरकार शेतकऱ्याला काय देतं आणि नेमकं कोणाला देतं हे डोक्यात असायचंच. शेवटी एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप म्हणजे ईडब्ल्यूजी या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेची साइट सापडली आणि सलग दोन रात्री त्यातच गेल्या. फुकट आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याकडून माहितीच्या कायद्याखाली रेकॉर्ड मागवून त्यांनी १९९५ पासूनची यादी लावलीये. राज्य निवडा, काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) निवडा की नाव, गाव, रक्कम, सगळ्यात मोठा आकडा वर. आमच्या काउंटीत पहिल्या पानावर माणसांपेक्षा पार्टनरशिप, ट्रस्ट, अमुक फार्म्स असलीच नावं जास्त. काहींचं गाव तर काउंटीच्या बाहेरचं, कारण यादी शेत कुठे आहे त्यावरून बनते, मालक कुठे राहतो त्यावरून नाही. खाली खाली जात राहिले तर शेजारच्या आजोबांचं नाव दिसलं, आणि मी पटकन पान बंद केलं, रोज हात करणाऱ्या माणसाचा हिशोब त्याला न विचारता बघितल्यासारखं वाटलं. तरी यादी उघडीच असायला हवी, पैसा लोकांच्या टॅक्सचा आहे.

ईडब्ल्यूजीच्याच हिशोबाने १९९५ ते २०२१ मध्ये पिकांवरच्या सबसिडीचे ७८ टक्के पैसे वरच्या १० टक्के लोकांना गेले. हे असं का होतं ते यादी सांगत नाही, ते आपल्याला माहीत पाहिजे. एकतर पैसा एकरावर आणि ठरावीक पिकांवर मिळतो, मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, म्हणजे जमीन जास्त त्याला जास्त, भाजीपालावाल्याला यातलं जवळजवळ काहीच नाही. माणशी वार्षिक मर्यादा आहे, १,२५,००० डॉलर होती ती २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली, पण पार्टनरशिपमध्ये प्रत्येक पार्टनरची मर्यादा वेगळी धरतात आणि २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीच्या कायद्याने, तर चुलत भाऊ, पुतणे, भाचे यांनाही कुटुंबाच्या व्याख्येत बसवलं. म्हणजे घर एकच, मर्यादा अनेक. मला हे सगळ्यात जास्त खटकलं.

अजून एक मोठी पोकळी म्हणजे पीक विमा. प्रीमियमचा सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं, त्याला माणशी मर्यादाच नाही, आणि कोणाला किती मिळालं ती नावं कायद्यानेच गुप्त ठेवलीयेत. त्यामुळे इथे दिसते ती रक्कम म्हणजे पूर्ण चित्र असं समजू नका. यात साइटचा दोष नाही, पण एक स्टार त्यामुळेच कमी देतेय, ५ पैकी ४.

वापरताना फक्त टोटल बघून कोणाबद्दल मत बनवू नका, नावावर क्लिक करून प्रोग्रॅम आणि वर्ष बघा. मी शेवटी आजोबांना सरळ सांगितलं की तुमचं नाव बघितलं. ते म्हणाले जमीन तर कधीची रोख खंडाने दिलीये, पिकाचे पैसे कसणाऱ्याला जातात, मला येतात ते सीआरपीचे, म्हणजे जमीन १० ते १५ वर्षं पडीक ठेवून गवत लावायचं त्याचं भाडं. मग मला गाडीत बसवून ओढ्याकाठची ती पट्टी दाखवायला घेऊन गेले, कंबरेएवढं गवत, आणि पलीकडे लगेच दुसऱ्याचा मका.