कोट्यातलं तिकीट म्हणून 4000 रुपये घेतले

डिचोली, म्हापसा भागातून पेशंट घेऊन मुंबईला जाणाऱ्यांनी हे वाचाच. आईचं कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, दर सहा महिन्यांनी परळला टाटाला चेकअप असतं. यावेळी तिकीट काढायला नवऱ्याच्या ओळखीतून एका माणसाचा नंबर मिळाला. त्याने काढलेलं कोकणकन्येचं थिवीहून थ्री एसीचं तिकीट वेटिंग 31, 32 आलं, तेव्हा तो म्हणाला इमर्जन्सी कोट्यातून करून देतो, आमची आत सेटिंग आहे, माणशी 2000, "तुमी भियेवं नाकात", म्हणजे घाबरू नका. आई एवढा प्रवास बसून कशी करणार, म्हणून मी लगेच जीपे केलं. ते वेटिंगचं तिकीटही त्याच्याच अकाउंटवरून काढलेलं, हे लक्षात ठेवा.

दुपारी त्याने स्क्रीनशॉट पाठवला, कन्फर्म, बी4, 17 आणि 20, दोन्ही लोअर. मी खूश. रात्री गाडीत चढलो तर 17 वर एक काका चादर घालून झोपलेले. टीसीने पीएनआर घातला आणि म्हणाला, ताई हे तिकीट चार्ट लागल्यावर वेटिंगच राहिलं, आपोआप कॅन्सल झालंय. मोबाईल परत बघितला, कन्फर्म हा शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होता. रेल्वेच्या 139 नंबरवर पीएनआर पाठवला असता तर दुपारीच कळलं असतं.

दंडासकट जनरलचं तिकीट फाडावं लागलं. आई रत्नागिरीपर्यंत दाराजवळ बॅगेवर बसून होती, ऑपरेशनच्या बाजूला हात दाबून धरलेला, एक शब्द बोलली नाही. शेवटी एका बाईने सरकून जागा दिली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद, आणि वेटिंगचा रिफंड ज्या अकाउंटवरून बुकिंग झालं तिथेच जातो, म्हणजे तिकिटाचे पैसेही त्यालाच मिळाले! सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. तो इमर्जन्सी कोटा आजारी माणसासाठीही असतो, हॉस्पिटलचा कागद लावून रेल्वेकडे अर्ज करायचा, मिळेलच असं नाही पण त्याला एक पैसा जास्त लागत नाही. जे हक्काने मागायचं ते मी विकत घेतलं, कारण पैसे दिल्याशिवाय काही होत नाही हेच डोक्यात बसलेलं. आणि टाटाच्या लाईनमध्ये सावंतवाडीच्या एका ताईंनी सांगितलं की उपचाराला किंवा चेकअपला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला भाडं 100 टक्के माफ, सोबतच्याला 75 टक्के, हॉस्पिटल फॉर्म भरून देतं. दीड वर्षात आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही.

परतीचं तिकीट मी सीएसएमटीच्या काउंटरवर रांगेत उभी राहून काढलं, दोन दिवस पुढचं मिळालं. क्लार्कने हॉस्पिटलने भरून दिलेला फॉर्म वाचला, शिक्का बघितला आणि विचारलं, आईंना लोअर देऊ ना?