चिकनची टिक्की की राजम्याची?
बर्गर 13 ते 16 वयाच्या मुलांसाठी करायचा आहे, हे आधी ठरलं की निम्मे वाद मिटतात. प्रथिनांत चिकन सरळ पुढे: शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या आसपास, तर तेवढ्याच शिजलेल्या राजम्यात साधारण 9. तंतुमय पदार्थ मात्र फक्त राजम्यात.

खरी डोकेदुखी पोताची. चिकनच्या खिम्याची टिक्की सहज बांधली जाते. फक्त मधोमध 74 अंश सेल्सिअस गाठल्याशिवाय ती ताटात द्यायची नाही. राजमा नीट उकळलेला हवा (कच्चट राहिला तर पोट बिघडवतो), आणि नंतर त्याचा लगदा होतो. अर्धे दाणे भरड ठेवा, ब्रेडचा चुरा घाला, टिक्की तासभर फ्रिजमध्ये ठेवा. तरी मऊ पावात ती हरवतेच. सोबत काहीतरी कुरकुरीत लागतंच.

चाखायला देताना नमुन्यांवर नावं नकोत, तीन आकडी क्रमांक टाका. ‘राजमा’ ऐकताच काही मुलं घास घेण्याआधीच नाक मुरडतात. पसंतीला 1 ते 9 गुणांची पट्टी पुरे. चाखणारी मुलंच हवीत, पालक नव्हेत! गटात शाकाहारी मुलं असतील, तर मी राजमाच घेईन आणि सगळी मेहनत त्याच्या कुरकुरीतपणावर करेन.