थंडरबर्ड 500 ला 535 चा ब्लॉक: मिळतं किती, लागतं काय

रॉयल एनफील्डच्या थंडरबर्ड 500, क्लासिक 500 यांसारख्या यूसीई इंजिनाच्या (इंजिन नि गिअरबॉक्स एकाच कवचात) जुन्या गाड्यांची ताकद वाढवायचा विषय निघाला की गॅरेजवाला पहिल्यांदा '535 टाकू या' म्हणतो. म्हणजे 2013 मध्ये आलेल्या कॉन्टिनेन्टल जीटी 535 चा ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर), 87 मिमीचा पिस्टन, रिंगा, पिन, ती जागेवर धरणाऱ्या सर्कलिपा आणि त्या मापाची गॅस्केटं. आता जीटी 535 बंद झाली आणि थंडरबर्ड 500 सुद्धा बंद. त्यामुळे हा जोड शिल्लक मालातून, वापरलेला किंवा बाहेरच्या मेकचा मिळतो आणि तिन्हींचा दर्जा सारखा नसतो.

आमचं मत आधीच सांगतो. ब्लॉक झिजलाय, गाडी ऑइल पिते, तो आतून कापून मोठा, म्हणजे बोअर, करावाच लागणार आहे, तर 535 टाका. चांगलं चालणारं इंजिन फक्त ताकदीसाठी उघडत असाल, तर पैसे वाचवा.

कारण हिशेबातच आहे. 500 चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 84 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी, क्षमता 499 सीसी. जीटीचा स्ट्रोक तोच, बोअर 87, म्हणून 535 सीसी. वाढ साधारण 7 टक्के. कंपनीच्या आकड्यांत 500 ला 27.2 बीएचपी आणि 41.3 न्यूटन मीटर टॉर्क, जीटीला 29.1 बीएचपी आणि 44 न्यूटन मीटर. तिथेही वाढ 7 टक्क्यांच्या आसपासच. जेवढी क्षमता वाढली तेवढीच ताकद वाढली, जादू कुठेही नाही. जाणवतं ते 2500 ते 4000 आरपीएमच्या पट्ट्यात. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर आंबोली किंवा कुंभार्ली घाट असेल, तर चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर यायची वेळ थोडी उशिरा येते. हायवेवर टॉप स्पीड वाढेल या आशेने कोणी हे करत असेल तर निराशा ठरलेली. त्याने इंटरसेप्टर 650 कडे बघावं, तिथे सरळ 47 बीएचपी आहेत.

खरेदीआधी मोजमाप. ब्लॉकच्या खालच्या बाजूने लायनरचा (ब्लॉकमधल्या आतल्या नळीचा) जो भाग क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) उतरतो, त्याचा बाहेरचा व्यास आणि क्रँककेसचं तोंड, दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या. मूळ जीटीचा ब्लॉक असेल तर अडचण सहसा येत नाही. बाहेरच्या मेकचा लायनर मात्र कधी जाड निघतो, आणि मग 'थोडं घासून बसवतो' हे वाक्य ऐकू येतं. क्रँककेस गाडीवरच घासली तर ॲल्युमिनियमचा भुगा थेट बेअरिंगात जातो. तिथेच व्यवहार थांबवा.

जुनाच ब्लॉक 87 पर्यंत बोअर करायचा सल्लाही मिळेल. 84 वरून 87 म्हणजे लायनरची भिंत सगळीकडून दीड मिमी पातळ. पातळ लायनर गरम झाल्यावर गोल राहत नाही, रिंगांना नीट टेकत नाही, आणि दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून धूर नि एअरबॉक्समध्ये ऑइल दिसू लागतं. करायचंच असेल तर नवा जाड लायनर टाकून घ्या. पण तो खर्च धरला की तयार ब्लॉकच परवडतो.

वापरलेला सेट घेताना बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांना डायल बोअर गेजने मोजा. वरच्या रिंगेच्या जागी नखाला कडा लागत असेल तर तो ब्लॉक मानक मापाचा राहिलेला नाही.

ब्लॉकपेक्षा महत्त्वाचा क्रँकशाफ्ट. हेड-ब्लॉक उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. उभा प्ले (ढिलेपणा) अजिबात नको. बाजूचा थोडा प्ले असतोच, तो फीलर गेजने मोजून मॅन्युअलच्या मर्यादेत आहे ना बघा. उभा प्ले असलेल्या बिग एन्डवर (रॉडच्या क्रँककडच्या टोकावर) नवा, मोठा, जड पिस्टन ठेवणं म्हणजे गळक्या घराला नवा रंग देणं. जुना आणि नवा पिस्टन, पिन-रिंगा-सर्कलिपांसकट, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या. नवा जितका जड, तितका क्रँकचा समतोल सरकतो आणि व्हायब्रेशनचा पट्टा बदलतो. जास्त फरक असेल तर हलकी पिन शोधा किंवा क्रँक बॅलन्स करून घ्या. आधी 90 च्या वेगाला शांत असलेले आरसे नंतर त्याच वेगाला थरथरू लागले, तर कारण बहुधा हेच असतं.

पिस्टन आणि बोअर यांच्यातल्या क्लिअरन्सवर लेथवाल्याशी वाद होतो, आणि तो घालायलाच हवा. कास्ट पिस्टनला 0.05 ते 0.06 मिमी पुरतो. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्याला 0.09 मिमीच्या आसपास लागतो. 'टाइट बसवलाय, आवाज येणार नाही' हे कौतुक नसून धोक्याची सूचना आहे: एअरकूल्ड इंजिनात टाइट पिस्टन पहिल्याच लांब चढाला चार कोपऱ्यांवर धरतो. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजा. वरच्या रिंगेला 0.35, दुसरीला 0.40 मिमी धरून चाला. गॅप कमी असेल तर बारीक कानसीने एकाच टोकाकडून घासा. गॅप शून्याजवळ असला तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

होनिंगनंतर (बोअरला दगडाने शेवटचा हात मारल्यावर) ब्लॉक पेट्रोलने पुसून भागत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन धुवा. पांढरा कपडा आत फिरवून तो पांढराच बाहेर येईपर्यंत धुवा आणि लगेच ऑइलचा हात मारा. होनिंगच्या दगडाची कणी राहिली तर नव्या रिंगा रनिंग-इनमध्येच (पहिल्या 500 किलोमीटरांतच) संपतात. बसवताना रिंगांचे गॅप एकमेकांपासून 120 अंशांवर, सर्कलिपा नव्या, त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या झटक्यांनी सर्कलिप सुटू शकते, आणि सुटलेली सर्कलिप ब्लॉकला उभी चर पाडते.

हेड गॅस्केट 87 चंच हवं. जुन्या 84 च्या गॅस्केटची आतली कडा बोअरमध्ये दीड मिमी डोकावते, लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. त्यातून येणाऱ्या खडखडीला लोक पेट्रोलची भेसळ समजून पंप बदलत बसतात!

कॉम्प्रेशनचंही असंच. मूळ गुणोत्तर 8.5, म्हणजे 499 सीसीला वरची पोकळी साधारण 66.5 सीसी. त्याच पोकळीवर 535 सीसी आली की गुणोत्तर 9 च्या वर जातं. जीटीच्या मूळ पिस्टनच्या माथ्याची रचना पुन्हा 8.5 वर आणते. बाहेरचे पिस्टन कधी सपाट माथ्याचे असतात. ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) पोकळी मोजून मगच हेड बंद करा. टूरिंगच्या गाडीला 9 पर्यंत ठीक. त्यापुढे मे महिन्यात, सामानासकट, साध्या पेट्रोलवर घाट चढताना खडखड ऐकायची तयारी ठेवा. वाढलेल्या कॉम्प्रेशनचा दुसरा मार स्टार्टरच्या स्प्रॅग क्लचवर (स्टार्टरची ताकद एकाच दिशेने क्रँकला देणाऱ्या भागावर) बसतो. बॅटरी दमलेली असेल तर इंजिन उलटा झटका देतं आणि स्प्रॅग जातो. स्टार्टर मारताना व्होल्टेज 10 च्या खाली उतरत असेल तर बॅटरी आधी बदला.

यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे), पुशरॉडला अ‍ॅडजस्टर नाही. त्यामुळे बेस गॅस्केटची जाडी मनाने बदलायची नाही. ब्लॉक वर उचलला की टॅपेटचा प्रीलोड (त्यावर आधीच असलेला दाब) बदलतो. कमी झाला तर टकटक, जास्त झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हेड क्रॉसमध्ये, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने कसा. फुगलेले टॅपेट खाली बसायला अर्धा तास द्या, मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, आणि ऑइल वर पोचेपर्यंत प्लगशिवायच स्टार्टर थोडा-थोडा मारा. पहिली काही मिनिटं टकटक येईल, ती जाते.

इथपर्यंत नीट करून पुष्कळ जण मॅपिंग, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याची मांडणी, सोडून देतात. 535 ची सगळ्यात मोठी चूक तीच. मूळ ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मॅप 499 सीसीचा आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालताना ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दुरुस्त करतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की त्याचं काही चालत नाही, आणि इंजिनाला 7 टक्के जास्त हवा, पेट्रोल मात्र जुनंच. त्यात मोकळा सायलेन्सर आणि वेगळा फिल्टर असेल तर मिश्रण आणखी पातळ. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला तितक्याच हवेमागे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं, तेही याच बाजूने ओढतं. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं फ्युएलएक्स किंवा पॉवरट्रॉनिक हे मॅप बदलणारं यंत्र लावून, मिश्रण अचूक मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर पूर्ण थ्रॉटलला 13 च्या आसपास एअर-फ्युएल (एका भाग पेट्रोलला तितके भाग हवा) आणा. फ्युएलएक्स फक्त इंधन बदलतं आणि टूरिंगला तेवढं पुरतं. पॉवरट्रॉनिकमध्ये इग्निशन टायमिंगही हातात येतं, म्हणजे बिघडवायलाही जास्त वाव मिळतो. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर मेन जेट एक-दोन नंबर वाढवून प्लगचा रंग बघा.

रेव्ह लिमिट वाढवू नका, कोणी फुकट करून दिली तरी. 90 मिमी स्ट्रोकला 5250 आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15.75 मीटर असतो, 6000 वर 18. वेगाच्या वर्गाने ताण वाढतो, म्हणजे कनेक्टिंग रॉडवरचा ताण सुमारे 30 टक्क्यांनी जास्त, तोही जड पिस्टनसह. या इंजिनाला वर काही मिळतही नाही. त्यापेक्षा पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं करून बघा, वाढलेल्या टॉर्कचा खरा उपयोग तिथे होतो. फक्त कव्हर आणि चेन यांच्यात जागा उरते का, ते चाक हाताने फिरवून तपासा.

रनिंग-इन पहिले 500 किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, वेग सतत बदलता ठेवून. एक्स्प्रेसवेसारखं एकाच वेगाने तासभर चालवणं सगळ्यात वाईट. पहिलं ऑइल 100 किलोमीटरच्या आत फेका, दुसरं 500 ला, दोन्ही वेळा फिल्टरसकट. ड्रेन प्लगला चिकटलेली बारीक राखाडी भुकटी चालते, चमकणारे कपचे चालत नाहीत.

कागदांबद्दल गॅरेजमध्ये कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि तिथे 499 सीसी लिहिलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीच्या हाती हेच कोलीत मिळतं. गाडी याच इंजिनावर हजारो किलोमीटर फिरवायची असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत परवानगीची चौकशी करा, आणि उतरवलेला मूळ 84 चा ब्लॉक-पिस्टन ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी आणा. गॅरेजवर सोडला की तो दुसऱ्या गाडीत गेलेला असतो.