शेंडा उडवायचा की फांद्या निवडून काढायच्या?

घरावर झुकलेलं झाड दिसलं की पहिला सल्ला येतो, "वरून अर्धं उडवून टाका." काम पटकन उरकतं, ऊन येतं, खर्चही कमी वाटतो. पण झाडाचं अन्न पानांतच तयार होतं. ती एकदम गेली की झाड कापलेल्या टोकांखालून धुमाऱ्यांचे झुबके काढतं. हे धुमारे भराभर वाढतात, पण त्यांची पकड वरवरची, सालीलगतची. काही वर्षांत जड झाले की वादळात तेच मोडून छपरावर येतात. उघड्या खुंटांतून बुरशी शिरते ती वेगळीच.

निवडक छाटणीत वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि छपराकडे आलेल्या फांद्या काढतात. उंची फारशी कमी होत नाही, त्यामुळे काहींना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या जरासा बाहेर घ्यायचा. जखम तिथूनच भरून येते. जड फांदीला आधी खालून खाच द्यावी, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलत नेते. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा काढू नये.

माझं मत अर्थातच दुसऱ्या पद्धतीला. वीजतारेला टेकलेल्या फांदीला मात्र आपण हातच लावायचा नाही. ते काम वीज कंपनीच्या माणसांचं.